गुडघ्यातल्या पाण्याची पेरणी

५ जानेवारी, सोमवार. नांदेड

रिपोर्ट आला. ह्यांच्या गुडघ्यातून मागच्या आठवड्यात काढलेलं पाणी तपासायला दिलं होतं. त्यावर एवढंच लिहिलंय की काही उगवलं नाही.

डॉक्टर म्हणाले, "म्हणजे आत काही नाही असं समजू नका. आधी तापाची इंजेक्शनं झालीत ना, त्यांनी जंतू दबून बसतो." मग टीबीबद्दल बोलले. मग म्हणाले, लातूरला जा, तिथं पुन्हा पाणी काढून तपासून घ्या.

मी मात्र 'उगवलं' या शब्दापाशीच अडकले. माणसाच्या अंगातलं पाणी पेरतात आणि त्यातून काय उगवतं ते बघतात, हे मला ठाऊकच नव्हतं. रिक्षात मी तसं म्हटलं, तर हे म्हणाले, "इंदू, गुडघ्यात ज्वारी निघाली तर हुरड्याला बोलाव सगळ्यांना."

हसले, पण उतरताना माझ्या खांद्यावर सगळा भार टाकला. ताप दसऱ्याच्या आधीपासूनचा. रोज संध्याकाळी चढतो, पहाटे घाम फोडून उतरतो. आता उजवा गुडघा कवठासारखा टणक सुजलाय. फळ्यासमोर उभं राहिल्याशिवाय ज्यांना भूमिती सुचत नाही, ते खुर्चीत बसून शिकवत होते. आता तेही बंद.

सकाळी गुणाबाई अर्धापूरहून आली, किटली घेऊन. तिच्या मुलाला, सत्यमला, ह्यांनी गणितात पास करवलं, तेव्हापासून श्रावणातल्या सोमवारी आमच्या महादेवाला दूध तिच्याकडचं. हे आजारी पडल्यापासून मी दर सोमवारी अभिषेक करते, तर ही दर सोमवारी येते. दूध निरसं लागतं, विस्तव न दाखवलेलं. तिला सांगावं लागत नाही.

"दूध थोडं कमी हाय बगा वैनी," ती म्हणाली. "काळी गाभडली तव्हापासून घटलीच. पर म्हादेवापुरतं देती बिचारी."

"कधी गाभडली गं?"

"राखीच्या आधी. सातवा चालला व्हता. वासरू बगून लई रडले मी."

मी तिला चहा दिला. वासराचं ऐकून मलाही वाईट वाटलं.

पंचामृत केलं. हे देव मानत नाहीत, पण तीर्थाला हात पुढे करतात. आज विचारलंच, "मानत नाही तर घेता कशाला?"

"तू देतेस म्हणून."

अभिषेकाच्या वेळी मलाच दरदरून घाम आला, पाठ धरली. शेजारच्या भामाबाई म्हणतात, चाळिशी उलटली की बायकांचं असंच. असेल.

७ जानेवारी, बुधवार. लातूर

मुग्धाच्या खोलीवर उतरलोय. शिकवण्यांच्या गल्लीतली ही खोली तिला एकटीलाच पुरत नाही. हे कॉटवर, आम्ही दोघी मायलेकी खाली, मधे तिची बायॉलॉजीची पुस्तकं.

हाडांच्या डॉक्टरांनी सुई घालून गुडघ्यातलं पाणी काढलं. दह्यावर सुटतं तसं, पिवळट, गढूळ. "लगेच वर लॅबमध्ये नेऊन द्या," म्हणाले. जिन्यावरून जाताना बाटली माझ्या तळहाताला कोमट लागली. ती ह्यांच्या अंगाची ऊब होती. मूठ मिटून, पदराखाली धरून नेली.

वर डॉक्टर शिवकांता भेटल्या. मूळच्या उदगीरच्या, माझ्याच वयाच्या, बोलक्या. पाण्यातलं थोडं त्यांनी एका बाटलीत सोडलं. बाटलीत डाळीच्या कटासारखं काहीतरी.

"हा जंतूंचा स्वयंपाक," त्या म्हणाल्या. "काय आवडतं कुणाला माहीत, म्हणून सगळं घालून ठेवलेलं असतं. आता ही त्या पेटीत ठेवायची. आत माणसाच्या अंगाइतकी ऊब. जंतू वाढायला लागला की श्वास सोडतो. पेटीला ते कळतं, दिवा लागतो."

"श्वास सोडतो?"

"मग! जिवंत आहे ना तो."

त्यांनी खूप प्रश्न विचारले. कुठं प्रवास? घरात कुणाला टीबी? जनावरं पाळता का?

"नाही हो, आम्ही शहरात राहतो. दोघंही शाळेत शिकवतो."

"कच्चं दूध पिता का?"

मला हसूच आलं. "आमच्याकडं दूध दोनदा उकळतं. साय जाड आली नाही तर हे कपाला तोंड लावत नाहीत."

निघताना मी दारात घुटमळले, तर त्यांनी लाल चकती पुढे केली. काचेसारख्या झाकणाखाली रक्त घातलेली, घट्ट जेलीसारखी. "टेकवा बोट. उद्या येऊन बघा."

"आता हात धुतलेत मी."

"तर मग काळजीच नाही. टेकवा."

८ जानेवारी, गुरुवार

बघून आले. मी जिथं बोट टेकवलं होतं तिथं बोटाच्या आकारात वस्ती उठली होती. पांढरे ठिपके, एक पिवळा, एक मोठा आणि कडेला झालर असलेला. रांगोळीचे ठिपके कुणी बोटानं टिपावेत तसे.

डॉक्टर म्हणाल्या, हा एकेक ठिपका म्हणजे लाखो जीव, आणि सगळे एकाच्या पोटचे. काल तो एकटा तुमच्या बोटावर होता. भिऊ नका, आपली रोजची मंडळी आहेत ही, सगळ्यांच्या हातावर असतात.

मी भ्याले नव्हते. मला मुग्धा पोटात होती तेव्हाचं आठवलं. पहिल्यांदा यंत्रावर तिच्या काळजाचा ठोका दाखवला होता, तेव्हा असंच झालं होतं. पडद्यावरून नजर काढवत नव्हती. याच बोटांनी मी कणीक मळते, कुंकू लावते, मुलांच्या वह्या तपासते. आणि या सगळ्यात मी कधी एकटी नव्हतीच.

मुग्धाला सांगितलं. ती म्हणाली, "आई, हे सगळं सिलॅबसमध्ये आहे."

"तू बघितलंस का कधी?"

"नाही. पण दोन मार्काला येतं."

ह्यांच्या बाटलीचा दिवा लागलेला नाही.

१० जानेवारी, शनिवार

दिवा नाही.

हाडांचे डॉक्टर म्हणाले, सोमवारपर्यंत वाट बघू. पाच दिवसांत उगवलं नाही तर बाटली काढून टाकतात. मग टीबीची औषधं सुरू करायची, आणि पाणी वाढलंच तर गुडघा उघडून धुवायचा. आत जे कुणी आहे ते कूर्चा खाऊन राहिलंय. चुकीच्या औषधात दिवस गेले तर गुडघा वाकेल याची खात्री देता येत नाही.

हे शांतपणे ऐकत होते. खोलीवर आल्यावर मुग्धाच्या वहीवर पेन्सिलनं दोन रेघा काढल्या, एका टोकाला जुळणाऱ्या. "गुडघा म्हणजे काय, कोन. त्याची मजा मिटण्या-उघडण्यात. दोन्ही रेघा एका ओळीत आल्या की राहिली नुसती काठी."

मुग्धा उठून बाहेर गेली. गॅलरीत नाक ओढल्याचा आवाज आला.

मी कधी असं मागेन असं वाटलं नव्हतं. लोक देवाजवळ रोग जावा म्हणून प्रार्थना करतात. मी म्हणत होते, महादेवा, काहीतरी उगवू दे.

गुणाबाईला फोन केला. सोमवारी दूध घेऊन ती स्वतःच यायची म्हणतेय. "सरांला बगितलं न्हाई तर जेवन जाईना मला."

१२ जानेवारी, सोमवार

उशीर झालाय. पण आजचं आजच लिहायला हवं.

गुणाबाई पहिल्या बसनं आली. मी खोलीवरच ताटात पिंडी ठेवून अभिषेक केला, पंचामृत केलं. ह्यांच्या हातावर तीर्थ द्यायला गेले, तर ताप उतरून नुकताच डोळा लागला होता. म्हटलं, उठल्यावर देऊ. झाकणाच्या वाटीत तीर्थ घेतलं आणि आम्ही दोघी लॅबकडे निघालो. पाचवा दिवस. बाटली टाकून द्यायच्या आधी डॉक्टरांना तीर्थ द्यावं, त्यांच्या हातून काही चांगलं व्हावं, एवढंच मनात.

लॅबमधला सोमेश बाटल्यांचा ट्रे घेऊन उभा होता. "दिवा नाही लागला, काकू."

डॉक्टर शिवकांता खुर्चीवरून उठल्या. मी म्हटलं, "मॅडम, सोमवार आहे. तीर्थ घ्या."

त्यांनी लगेच हात धुतले, पुसले. गळ्यातली चांदीची लिंगाची डबी डोळ्यांना लावली आणि उजवा तळहात खोलगट करून पुढे केला. मी पळीनं तीर्थ घातलं. हात ओठांपर्यंत गेला आणि तिथंच थांबला.

"ताई, यात दूध आहे ना?"

"हो. पंचामृत आहे."

"उकळलेलं?"

"छे! अभिषेकाला उकळलेलं कसं चालेल? निरसं आहे. या गुणाबाईंच्या गायीचं."

हात तसाच हवेत होता. बोटांच्या फटीतून एक थेंब गळाला.

"सर घेतात हे?"

"दर सोमवारी."

"मी तुम्हाला कच्च्या दुधाचं विचारलं होतं की हो."

"पण हे..." मी वाटीकडे बोट दाखवलं. हे दूध नव्हतं. हे तीर्थ होतं. मी खोटं बोलले नव्हते. पुन्हा विचारलं असतं तरी मी तेच सांगितलं असतं.

त्यांनी तळहात अलगद वाटीत रिकामा केला. हात पुन्हा धुतले, बराच वेळ. मग गुणाबाईकडे वळल्या.

"मावशी, गाय बरी आहे का? गाभडली होती का कधी?"

"हाव. राखीच्या आधी. आन दुसरी दिवाळीत. नजर लागली गोठ्याला."

"वासरानंतरची वार कुणी काढली?"

"मीच की."

"हातानं?"

"मग काय पायानं काढू?"

सोमेश हसला. डॉक्टर हसल्या नाहीत. "तुम्हाला ताप?"

"येतो-जातो. कंबर तर मेली धरलेलीच असती. कामून विचारता?"

"सोमेश, सरांची बाटली परत पेटीत ठेव. टाकायची नाही. दिवा लागला तर टेबलावर उघडायची नाही, काचेच्या कपाटातच. माझ्या मनातला जंतू असेल तर लॅबवाल्यांना आधी धरतो." मग मला म्हणाल्या, "एक जंतू असतो, ताई. गाभडलेल्या जनावराच्या दुधातून येतो. फार सावकाश वाढतो. आपण पाच दिवस थांबतो, याला कधी कधी पंधरा लागतात. कुणी सांगितलं नाही तर आम्ही त्याला उगवायच्या आधीच फेकून देतो. रक्ताचीही एक चाचणी पाठवते, पण ती बाहेरगावाहून यायला वेळ लागेल. तोवर टीबीचं औषध सुरू करू नका असं मी खाली सांगते."

गुणाबाई भिंतीला टेकून खाली बसली. "म्हंजी माझ्या दुधानं सरांला..."

"दुधानं नाही, मावशी. जंतूनं. तो तुम्हालाही सोडत नसतो. तुमचंही रक्त द्या."

"मी चांगल्या मनानं आनलं हो."

"माहीत आहे. मीही चांगल्या मनानंच पिणार होते."

निघताना मी वाटीकडं बघितलं. डॉक्टरांना कळलं. "तीर्थ मोरीत नाही ओतायची मी. आमच्याकडं मोठा कुकर आहे, सगळं त्याच्यात वाफेनं शुद्ध होतं. मग खाली कडुलिंबाच्या बुडाशी घालते. चालेल?"

मी मान हलवली. हे झोपले होते म्हणून आजचं तीर्थ राहिलं. खोलीवर उरलेलं ह्यांना दिलं नाही.  सगळं ऐकून ह्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "म्हणजे माझ्या पोटात पुण्य गेलं आणि गुडघ्यात साठलं."

मी रडले. ह्यांनी डोक्यावर हात ठेवला. तो हात कढत होता.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

डॉक्टरांना तिळगूळ दिला. म्हणाल्या, "हा भाजलेला आहे, बिनधास्त खाते."

दिवा नाही. रोज जिना चढते, पेटीवरचा दिवा बघते, उतरते. पेटीत ओळीनं बाटल्या, प्रत्येकीत कुणाच्या तरी अंगातलं थोडंसं. कुणाचं रक्त, कुणाच्या मणक्यातलं पाणी. देवळातल्या समयांपुढं उभं राहावं तसं वाटतं. फरक एवढाच की इथं दिवा कधी लागेल हे पुजाऱ्यालाही माहीत नाही.

१६ जानेवारी, शुक्रवार

सकाळी फोन. "उगवलं, ताई."

मी मोठ्यानं ओरडले, "उगवलं!" मुग्धानं मला मिठी मारली. घरमालकीण दारात आली. "काय, मुलीला नंबर लागला का?" तिला काय सांगणार, की माझ्या नवऱ्याच्या गुडघ्यात जंतू निघाला म्हणून आम्ही दोघी नाचून राहिलोय.

१९ जानेवारी, सोमवार

कितीतरी दिवसांनी अभिषेकाशिवायचा सोमवार. नुसता नमस्कार केला. बेलाचं पान वाहिलं.

डॉक्टरांनी मला काचेपलीकडून दाखवलं. मोठं काचेचं कपाट, आत सोमेशचे हातमोज्यातले हात, हातांत चकती, कडेनं पट्टी चिकटवून बंद केलेली. आधी मला काहीच दिसलं नाही. लाल, रिकामं. मग त्यानं ती उजेडाकडं कलती केली.

हरभऱ्याच्या शेतात पहाटे जाऊन वाकून बघितलं तर पानांवर दहिवर दिसतं, तसं. बारीक, गोल, आरपार. कित्येक थेंब, आणि प्रत्येकात उजेडाचा एकेक कण.

हाच तो. गाईच्या पोटातलं वासरू ज्यानं जगू दिलं नाही, जो दुधातून किटलीत आला, किटलीतून माझ्या पळीत, माझ्या पळीतून ह्यांच्या तळहातावर. मी मंत्र म्हणत होते तेव्हा हा होता. ह्यांच्या हाडाच्या सांध्यात बसून महिनोन् महिने खात होता, आणि दिसायला दवासारखा. त्याचा राग यायला हवा होता. मी काचेला कपाळ टेकून बघत राहिले. वाटलं, ज्यानं आपल्याला केलं त्यानं यालाही तितकंच मन लावून केलंय.

"नाव काय याचं?"

"ब्रुसेला."

"मुलीसारखं नाव आहे."

डॉक्टर पहिल्यांदा खळखळून हसल्या. म्हणाल्या, यावर हमखास लागू पडणारी औषधं आहेत, दीड-दोन महिने चुकवायची नाहीत. गुडघा वाचायला हवा, अजून हाड धरलेलं नाही. बोलता बोलता थांबल्या आणि माझ्याकडं बघू लागल्या.

"ताई, जानेवारी आहे. तुम्ही मगापासून पदरानं मान पुसताय."

"ते वयाचं आहे."

"कुणी सांगितलं?"

"शेजारच्या भामाबाईंनी."

"त्यांची लॅब कुठं आहे?"

मग हळूच विचारलं, "तीर्थ देवाला दाखवून झाल्यावर पहिली पळी कुणाची?"

मी बाही वर केली.

२७ जानेवारी, मंगळवार

माझाही दिवा लागला. गुणाबाईच्याही रक्तात सापडला. फोनवर म्हणाली, "वैनी, आता आपन तिघं एका गोत्राचे झालो." मग आवाज बारीक झाला. जनावरांचे डॉक्टर येऊन गेले, काळीला वेगळं बांधलंय, पुढं काय ते सांगितलेलं नाही. "तिला काय ठाव बिचारीला. मी गेले की अजून पान्हा सोडती."

मी इतके दिवस ह्यांच्या उशीवरचा घाम बघत होते. माझी उशी रोज उलटी करून ठेवत होते.

१५ फेब्रुवारी, रविवार. महाशिवरात्र, नांदेड

ह्यांना ताप नाही. गुडघ्याची सूज उतरली, आता तो गुडघ्यासारखाच दिसतो. माझी पाठही सैल पडलीय.

पहाटे दूध तापवलं. वर येऊ दिलं, उतू जाता जाता आच कमी केली, पुन्हा वर येऊ दिलं. मग निवत ठेवून पातेल्याशी बसून राहिले. आईनं बघितलं असतं तर म्हणाली असती, हे काय भलतंच. पिंडीवर धार धरली तेव्हा मंत्र अडखळला. महादेवाकडं बघितलं. ज्यानं विष घशात धरलं, त्याला माझ्या उकळलेल्या दुधाचं काय. धार सरळ पडत राहिली.

पण तीर्थाची वाटी हातात घेतल्यावर मला वळवेना. ह्यांना कुठल्या तोंडानं देऊ? महिनाभर पूजेनंतर मी नुसतं फूल आणून देत होते. आज वाटी तिथंच ठेवावी असं ठरवलं.

मागं काठी भिंतीला टेकवल्याचा आवाज झाला. हे दारात उभे होते. चौकटीला धरून डावा पाय मागं घेतला, मग उजवा, आणि हळूहळू, दात ओठांवर दाबून, गुडघा मोडत मोडत माझ्याशेजारी पाटावर बसले. पूर्ण मांडी नाही. अर्धी. मी गुडघ्याकडंच बघत होते, त्या मिटत चाललेल्या कोनाकडं.

बसल्यावर ह्यांनी कपाळावरचा घाम पुसला, आणि उजवा हात पुढे केला.

दूध उकळलंय का, ते विचारलं नाही.